फुलांची चित्रं किती अंतरावरून पाहायची? : प्रदर्शनाच्या मांडणीबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अडतीस चित्रं तयार आहेत. निम्म्याहून जास्त जलरंगातली वनस्पतिचित्रं आहेत : पांढऱ्या कागदावर एकच फांदी, तिचं फूल, फळ, बी, सगळं मोजूनमापून. उरलेली फुलदाण्या, गुच्छ, बागेतले कोपरे. काही तैलरंगात, काही ॲक्रेलिकमध्ये. दोन आठवड्यांसाठी दालन मिळालंय. सात-सात मीटरच्या दोन लांब भिंती, समोर चार मीटरची एक, आणि चौथ्या बाजूला दार व मोठी खिडकी. चित्रं ऋतूनुसार लावावीत की रंगानुसार, सगळ्यांना एकसारखी फ्रेम करावी का, शास्त्रीय नावं द्यावीत का, हे तुम्हाला हवंय. आणि जाता जाता लिहिलेली एक ओळ बहुधा सगळ्यात जास्त खुपणारी आहे : 'फुलांची चित्रं म्हणजे सजावट' असं कोणी म्हणालं तर काय सांगायचं?

ऋतू की रंग, हे तूर्त बाजूला ठेवते, कारण अडचण त्याच्या आधीच सुरू होते. तुमच्याकडे विषय एक असला तरी चित्रं पाहण्याच्या रीती दोन आहेत. वनस्पतिचित्र हातभर अंतरावरून बघायचं असतं. पुंकेसर किती, देठावर लव आहे की नाही, पानाच्या मागच्या शिरा कशा फुटतात, हे दोन मीटरवरून दिसतच नाही. तिथून दिसतो पांढरा कागद आणि मधे काहीतरी हिरवं. गुच्छाचं उलट. अगदी जवळ गेलं तर नुसते रंगाचे फटकारे, आणि दोन-अडीच मीटर मागे सरकलं की गुच्छ जमून येतो. हे दोन्ही प्रकार आलटूनपालटून लावले की बघणारा सारखा पुढेमागे करतो, पाच-सहा चित्रांत कंटाळतो आणि मधलंच एक अंतर धरून चालू लागतो. त्या मधल्या अंतरावरून तुमची दोन्ही प्रकारची चित्रं फिकी पडतात. म्हणून भिंती अंतरानुसार वाटून घ्या. ऋतू, रंग, वनस्पतीचं कुळ यांचा विचार नंतर, त्या-त्या भिंतीपुरता.

लंडनच्या क्यू उद्यानात या दोन रीती अक्षरशः शेजारी नांदतात. एकोणिसाव्या शतकातली इंग्रज चित्रकार मारियान नॉर्थ हिचं दालन १८८२ साली उघडलं. आठशेहून जास्त तैलचित्रं चौकटीला चौकट भिडवून लावली आहेत, जवळजवळ भिंत दिसूच नये इतकी, आणि प्रदेशांप्रमाणे. हा क्रम तिचा स्वतःचा. नॉर्थ झाड रंगवायची ते त्याच्या परिसरासकट, मागे डोंगर, पाणी, आभाळ. म्हणून ती चित्रं गर्दी सोसतात. आधी सगळी भिंत डोळ्यांत भरते, मग एखादं चित्र आपल्याला ओढून घेतं. त्याला लागूनच २००८ साली उघडलेलं शर्ली शेरवूड दालन आहे, खास वनस्पतिचित्रांसाठी बांधलेलं. तिथली कागदावरची चित्रं नॉर्थच्या पद्धतीने खेटून लावली असती, तर एकही धड वाचता आलं नसतं. मी 'वाचता' म्हणतेय, कारण तुमच्या जलरंगातल्या चित्रांकडून लोक तेच करणार आहेत.

आता तुमच्या भिंतींचा हिशोब. हातभर अंतरावर उभा राहिलेला माणूस साधारण अर्धा मीटर जागा अडवतो. शेजारच्या चित्रासमोरही कोणी उभं राहू शकायला हवं, तर एका चित्राच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत निदान ऐंशी सेंटिमीटर हवेत. सात मीटरच्या भिंतीची दोन्ही टोकं अर्धा-अर्धा मीटर सोडली, तर आठ चित्रं बसतात. आठच. समोरच्या लांब भिंतीवर मध्यम आकाराचे पाच गुच्छ. दारासमोरच्या चार मीटरच्या भिंतीवर एक मोठं चित्र, फार तर दोन. म्हणजे पंधरा. अडतीसातून पंधरा निवडायची म्हटल्यावर काळजावर दगड ठेवावा लागतो, हे मला माहीत आहे. यातून एक वाट निघते : संच करा. एकाच झाडाच्या कळीची, फुलाची, फळाची छोटी चित्रं असतील, तर चार मिळून एक जागा धरा आणि चौकोनात लावा. ब्रिटनमधली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी आपल्या वनस्पतिचित्रांच्या स्पर्धात्मक प्रदर्शनातही सुटं एक चित्र तपासत नाही. एका विषयावरची सहा चित्रं मागते. तसा विचार केलात की आठ जागांमध्ये बारा-चौदा चित्रं सहज सामावतात आणि भिंत भरल्यासारखी वाटत नाही.

निवडताना चाळणी कोणती लावायची? वनस्पतिचित्रांच्या बाबतीत मी एकच गोष्ट बघते : जवळ गेल्यावर नवीन काही मिळतं का. लांबून जे दिसलं तेच जवळूनही दिसत असेल, तर ते चित्र कितीही नेटकं असो, या भिंतीवर नको. गुच्छांच्या बाबतीत चित्र डोळे अर्धे मिटून बघायचं. उजेड आणि सावली यांची ठेवण तशीही टिकली, तर ठेवा. आणि प्रत्येकाकडे काही चित्रं अशी असतात की धड वनस्पतिचित्र नाहीत, धड पुष्पचित्र नाहीत : एकच फूल, जरा सैल हाताने, मध्यम आकारात. तीच आपल्याला सर्वात प्रिय असतात, आणि प्रदर्शनात तीच गोंधळ घालतात. त्यांना एकतर पूर्ण बाहेर ठेवा, नाहीतर त्यातलं एक निवडून दारासमोरच्या भिंतीला द्या. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफने एकेक फूल माणसाच्या डोक्याहून मोठं रंगवलं ते याच कारणाने भिंत पेलतं. आकारच इतका की बघणाऱ्याला मागे सरकावं लागतं. मध्यम आकाराला ती सोय नाही.

दोन्ही प्रकार एका दालनात का, असं कोणी विचारलं तर सांगायला एक चांगला धागा आहे, तो प्रवेशाजवळच्या मजकुरात वापरा. दोन्ही प्रकारचे चित्रकार काळाशी खेळतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या डच गुच्छांमध्ये वसंतातला ट्युलिप आणि नंतर फुलणारी फुलं एकाच फुलदाणीत दिसतात. असा गुच्छ त्या काळी प्रत्यक्षात मांडताच आला नसता. त्यांतलाच एक डच चित्रकार यान व्हॅन हॉयसम जिवंत फूल समोर असल्याशिवाय रंगवायला नाखूष असे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका फुलदाणीच्या चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत, कारण फुलं आपापल्या हंगामात येणार आणि चित्रकाराने थांबायचं. वनस्पतिचित्रकारही एका कागदावर कळी, फूल, पिकलेलं फळ आणि बी मांडतो, महिन्यांचं अंतर असलेल्या गोष्टी. एक नजरेच्या सुखासाठी काळ गोळा करतो, दुसरा ओळख पटावी म्हणून. ऋतूनुसार मांडणी करायचा तुमचा विचार मला फारसा पटला नाही तो यामुळेच : तुमच्या निम्म्या चित्रांत एकापेक्षा जास्त ऋतू आधीच आहेत.

उंचीबद्दल फार डोकं खाऊ नका. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर, हा सगळीकडे चालणारा नियम आहे. वनस्पतिचित्रं १४५ ला ठेवा, कारण मुळं-कंद खालच्या कडेला असतात आणि लोक तिथे वाकतात. गुच्छांच्या भिंतीसमोर मात्र एक बाक ठेवा, भिंतीपासून दोन-सव्वादोन मीटरवर. 'मागे उभे राहा' अशी पाटी कोणी वाचत नाही. बाक दिसला की माणूस आपोआप तिथे जाऊन टेकतो.

आता प्रकाश. यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण नुकसान इथे होतं आणि ते परत भरून निघत नाही. संग्रहालयांत जलरंग आणि कागदावरच्या चित्रांसाठी ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक), तैलचित्रांसाठी २०० लक्स ही मर्यादा सर्रास पाळतात. पण नुसता लक्सचा आकडा अपुरा असतो. प्रकाश गुणिले वेळ असा हिशोब धरायचा. ५० लक्समध्ये रोज आठ तास, चौदा दिवस, म्हणजे ५,६०० लक्स-तास. तेच दिवे ५०० लक्सचे असले, तर ५६,०००. म्हणजे दोन आठवड्यांत तुमच्या चित्राने मंद प्रकाशातले १४० दिवस भोगले. आणि ऊन? उघड्यावरचं थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. खिडकीच्या काचेतून त्यातलं निम्मंच आत आलं असं धरलं, तरी एका तासात ५०,००० लक्स-तास होतात. दुपारी तासभर एखाद्या चित्रावर उन्हाचा कवडसा सरकत असेल, तर पंधरवड्याच्या मंद प्रकाशापेक्षा जवळजवळ नऊपट मार त्याला एका दिवसात बसतो. अतिनील किरण अडवणारी काच लावली म्हणजे निर्धास्त, असंही नाही. रंग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही उडतो.

म्हणून दालनाच्या खिडकीतून ऊन कुठल्या वेळी कुठल्या भिंतीवर येतं, हे आधी एकदा दिवसभर बसून बघा. तुमची डावी भिंत की उजवी, हे त्यावर ठरेल; मला इथून सांगता येणार नाही. ज्या लांब भिंतीला ऊन अजिबात शिवत नाही, ती जलरंगांची. खिडकीसमोरच्या छोट्या भिंतीवर मोठं तैलचित्र जाईल, आणि त्याचं दुसरंही कारण आहे : तिथे काच लावलेलं काहीही टांगलंत तर त्यात खिडकी दिसेल, चित्र दिसणार नाही. तरी पडदा हवाच.

५० लक्स घट्ट धरून बसा असंही मी म्हणणार नाही. ती मर्यादा पिढ्यान्‌पिढ्या टिकवायच्या संग्रहासाठी आहे. टिकाऊ रंगांत केलेलं स्वतःचं काम पंधरा दिवस दाखवायचं असेल, तर शंभर-दीडशेपर्यंत मी खुशाल जाते, कारण वयस्कर लोकांना मंद उजेडात बारीक काम दिसत नाही आणि या भिंतीचा सगळा जीव बारीक कामात आहे. त्यापेक्षा आजूबाजूचा उजेड कमी करा. डोळा सरावला की शंभर लक्ससुद्धा भरपूर वाटतात. सरावायला दोन-चार मिनिटं लागतात, म्हणून सर्वात नाजूक चित्र दारालगत लावू नका. दिव्यांचा सीआरआय, म्हणजे त्यांच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, नव्वदच्या वर आहे ना, हे विचारून घ्या, आणि फार पिवळे दिवे टाळा. पिवळ्या दिव्याखाली पांढरा कागद साईसारखा दिसतो आणि निळ्या पाकळ्या मळकट होतात.

'टिकाऊ रंगांत केलेलं' ही अट मात्र नीट तपासा. फुलं रंगवणाऱ्यांचं घोडं नेमकं गुलाबी रंगापाशी अडतं. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा संकेतांक छापलेला असतो. पीआर ८३, म्हणजे मूळचा अलिझरिन क्रिम्झन, आणि एनआर ९, म्हणजे खरा रोझ मॅडर, हे दोन्ही उजेडात फिके पडतात. ऑपेरा या नावाने मिळणाऱ्या झगझगीत गुलाबीत चमकणारा डाय घातलेला असतो. तो आणखी लवकर उडतो. पीव्ही १९ हे क्विनाक्रिडोन गटातलं रंगद्रव्य त्यामानाने चांगलं टिकतं. घोळ जांभळ्या फुलांत होतो. आपण जांभळा बहुतेक वेळा निळ्यात गुलाबी मिसळून करतो. त्यातला गुलाबी उडाला की उरतो निळा, आणि चित्रातल्या फुलाची जातच बदलल्यासारखी होते. तुमच्या गुलाबी आणि जांभळ्या ट्यूबचे पट्टे एका कागदावर ओढा, अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि तो कागद उन्हाच्या खिडकीत लावून ठेवा. प्रदर्शनाला महिना-दोन महिने असतील तर तेवढ्यात बरंच कळतं. ज्या चित्रांत उडणारे रंग आहेत ती सरळ वगळा, किंवा त्यांची चांगली छापील प्रत लावा आणि खाली तसं स्पष्ट लिहा.

फ्रेम सगळ्यांना एकसारखी नको, पण भिंतीगणिक एकसारखी हवी. जलरंगांना अरुंद, फिक्या लाकडाची फ्रेम आणि रुंद माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. खालची बाजू वरच्यापेक्षा थोडी जास्त. माउंट आम्लरहितच हवा. स्वस्त बोर्डातलं आम्ल कागदावर माउंटच्या आतल्या कडेने तपकिरी रेघ उमटवतं, आणि ती काढता येत नाही. माउंटचा पांढरा रंग निवडताना चित्राच्या कागदाचा कोपरा दुकानात घेऊन जा. तुमचा कॉटनचा हॉट प्रेस्ड (गुळगुळीत) कागद किंचित उबदार पांढरा असणार. त्याभोवती निळसर पांढरा माउंट लावला की कागद जुनाट आणि मळलेला दिसतो. वनस्पतिचित्रात मोकळा कागद हीच पार्श्वभूमी असते, त्यामुळे हा फरक गुच्छापेक्षा इथे कितीतरी जास्त बोचतो. कागद काचेला टेकता कामा नये. माउंटच्या जाडीमुळे मधे जागा राहते तेवढी पुरते. चित्र बोर्डाला फक्त वरच्या कडेने, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने अडकवायचं, म्हणजे हवेतल्या दमटपणाने कागद फुगला-आकसला तरी सुरकुत्या पडत नाहीत. सेलोटेप आणि फेव्हिकॉल यांचं नाव काढू नका. तैलचित्रांना काच नको. फ्रेम हवी तशी जड करा.

नावांच्या पट्ट्या. वनस्पतिचित्रांना शास्त्रीय नाव द्यायचंच : प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज), लॅटिन लिपीत तिरप्या अक्षरांत, पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान. बागेत तयार केलेला वाण असेल, तर त्याचं नाव सरळ अक्षरांत एकेरी अवतरणात. एखादा भाग मोठा करून दाखवला असेल तर किती पट, तेही. पण नाव द्यायचं म्हणजे ओळख पक्की हवी. कमळ म्हणून लावलेलं चित्र पुष्कळदा कुमुदाचं असतं. कमळाचं, म्हणजे नेलुम्बो न्युसिफेराचं, पान अखंड गोल असतं आणि देठ त्याला खालून मध्यभागी जोडलेला असतो. कुमुदाच्या, म्हणजे निम्फियाच्या, पानाला देठापर्यंत जाणारी खाच असते. तुम्ही पान बरोबर रंगवलं असेल आणि पट्टीवर नाव चुकवलं असेल, तर तुमचंच चित्र तुम्हाला खोटं पाडेल, आणि ते दाखवून द्यायला पहिल्याच दिवशी कोणीतरी येईल. शंका असेल तिथे नुसतं प्रजातीचं नाव द्या, ते पूर्ण प्रामाणिक आहे. गुच्छांना यातलं काही नको. शीर्षक, माध्यम, आकार, साल, बस्स. तिथे लॅटिन नावांची यादी लावलीत तर लोक चित्र सोडून फुलं ओळखत बसतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मी असते तर नक्की केली असती : मधे एक काचेचं सपाट टेबल. त्यात तुमची कच्ची वही, मोजमापं लिहिलेली पानं, 'हा हिरवा कसा जमला' असे रंगांचे तुकडे, फसलेली पाकळी. तुमच्या भिंतीवर जागा न मिळालेल्या चित्रांची पूर्वतयारी तिथे बसते. लोक या टेबलाशी भिंतीपेक्षा जास्त वेळ थांबतात आणि इथेच प्रश्न विचारतात. वनस्पतिचित्रांच्या भिंतीजवळ दोन-तीन हातभिंगंही ठेवा. दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर ती चालायला लागतात. काचेऐवजी ॲक्रेलिक शीट लावली असेल तर भिंगांच्या कडा रबरी हव्यात, त्यावर चरे पटकन पडतात. आणि उद्घाटनाला लोक फुलं घेऊन येतील, ती दालनाबाहेरच ठेवायची सोय करा. लिलीचे पराग कागदावर पडले की डाग जात नाही, फुलांबरोबर किडे येतात, आणि खऱ्या फुलांशेजारी तुमच्या रंगांची उगाच तुलना होते.

आता त्या सजावटीबद्दल. गुच्छाच्या चित्राने खोली सजली तर त्यात कमीपणा काय, मला कळत नाही. व्हॅन हॉयसमची चित्रं विकत घेणाऱ्यांनीही ती भिंतीवर मिरवलीच. वनस्पतिचित्रांच्या बाबतीत मात्र उत्तर ठाम आहे. छायाचित्रात एक झाड एका क्षणी सापडतं, त्याच्या किडलेल्या पानासकट. चित्रकार बरेच नमुने पाहून त्या जातीला सामान्य असलेलं ठेवतो, अपघाताने आलेलं वगळतो आणि एकमेकांवर आलेले भाग सुटे करून दाखवतो. कर्टिसचं बोटॅनिकल मॅगझिन हे वनस्पतींवरचं ब्रिटिश नियतकालिक १७८७ पासून निघतंय आणि आजही त्यात हाताने काढलेली चित्रं येतात, ती या कामासाठी. पण हे तोंडी समजावत बसू नका. तुमच्या चांगल्यातल्या चांगल्या चित्राशेजारी त्या वनस्पतीचा एक साधा फोटो लावा, पोस्टकार्डाएवढा. शंका घेणारा माणूस आपण होऊन दोन्हींत पाळीपाळीने बघू लागतो.

विक्रीबद्दल तुम्ही काही म्हटलं नाहीत. ती हवी असेल, तर उरलेली चित्रं फ्रेमशिवाय, माउंट करून, पारदर्शक पाकिटांत एका पेटीत ठेवा. पाहणाऱ्याला हाताळून चाळता येतील अशी. त्यासाठी भिंतीवर दाटी करायची गरज नाही.

कामाचा क्रम साधारण असा धरा : आधी रंगांची चाचणी आणि उन्हाची पाहणी, मग भिंतींची वाटणी, मग निवड, मग फ्रेमवाल्याकडे. बहुतेक जण आधी फ्रेमवाल्याकडे जातात आणि तिथे अडतीस फ्रेमचे पैसे घालवून बसतात. घरीच जमिनीवर सात मीटरची दोरी टाका आणि निवडलेली चित्रं तिच्या कडेने ऐंशी-ऐंशी सेंटिमीटरवर ठेवून बघा. कुठलं शेजारच्याला मारतंय ते लगेच कळतं. आणि काच बसायच्या आत प्रत्येक चित्राचे चांगले फोटो काढून घ्या. एकदा फ्रेम बंद झाली की त्यात तुमचाच मोबाइल दिसतो.